जाऊबाई आणि सात नंबरचं कमक्वाट

आमच्या थोरल्या जाऊबाईंबद्दल कुणी चांगलं बोललं तर मला राग येतो, आणि वाईट बोललं तर त्याहून जास्त येतो. चांगलं बोलणाऱ्याने त्यांच्याबरोबर एका स्वयंपाकघरात बावीस वर्षं काढलेली नसतात, ती मी काढली आहेत. आणि वाईट बोलायचा हक्क माझा एकटीचा आहे. तो मी कुणाला वाटून देणार नाही.

आम्ही दोघी एकाच नर्सरीत कामाला. आमचे नवरे सख्खे भाऊ, दोघेही गरीब स्वभावाचे, त्यामुळे घरातली सगळी भांडणं आमच्याच वाट्याला आली. जाऊबाई कलमं बांधतात. मी पानं पुसते, कुंड्या भरते, गिऱ्हाइकाला झाड कागदात गुंडाळून देते. नर्सरीत त्यांना सगळे चिमटाबाई म्हणतात. झाडाचा नको असलेला कोंब त्या बोटांच्या चिमटीत धरून खुडतात म्हणून हे नाव पडलं असं त्यांना वाटतं. खरं कारण आम्हा सगळ्यांना माहीत आहे.

नर्सरीत नाना झाडं आहेत, पण आमचं नाव झालं ते कमक्वाटमुळे. कमक्वाट म्हणजे सुपारीहून जरा मोठं, लांबट संत्रं. ते सालीसकट खायचं असतं. साल गोड आणि आतला गर आंबट, त्यामुळे शहाणपणा करून सोलून खाणाऱ्याच्या तोंडात नुसता आंबटपणा येतो. जाऊबाईंचाही प्रकार साधारण असाच, फक्त साल गोड नाही.

कुंडीत गुडघ्याएवढं झाड, त्याला शे-सव्वाशे केशरी फळं. माणसं बघतात आणि वेडी होतात. घरी नेतात आणि प्रेमाने मारतात. रोज पाणी घालून मुळं कुजवतात. थंडीत झाड झोपी जातं, चार पानं टाकतं, की यांचा धीर सुटतो आणि ते खताचा डबा उपडा करतात. मग ते झाड काखोटीला मारून आमच्याकडे येतात आणि म्हणतात, "तुमचं झाड खराब निघालं." त्यानंतरचं ऐकण्यासारखं असतं.

"बोट घाला मातीत," जाऊबाई म्हणतात. "घाला, घाला. बोट काही झिजत नाही. दुसऱ्या पेरापर्यंत. काय लागलं?"

"ओल."

"मग पाणी कशाला घालता? तुम्ही तहान नसताना पिता का?"

एकदा एक दातांचे डॉक्टर आले. त्यांनी झाड गाडीच्या छपरातल्या खिडकीतून शेंडा बाहेर काढून आणलं होतं. छातीएवढ्या उंच सरळसोट फांद्या, एकेका देठावर तीन-तीन पानं आणि बोटभर काटे. फळ एकही नाही. डॉक्टर मात्र खूश. "बघा कसं फोफावलंय! खुंटाजवळून जोमदार फूट आली, तेव्हा मी मधलं रोगट दिसत होतं ते छाटून टाकलं." जाऊबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की मीच दोन पावलं मागे सरले. कलम म्हणजे खाली रानटी खुंट आणि वर कमक्वाटची काडी. खालून फूट आली की ती दिसताक्षणी खुडायची, नाहीतर खुंटच वरच्याला उपाशी मारतो. डॉक्टरांनी कमक्वाट छाटून खुंट वाढवला होता. जाऊबाई म्हणाल्या, "डॉक्टर, तुम्ही दात ठेवता की कीड ठेवता?" डॉक्टर बिचारे हसले. दुसरं झाड घेऊन गेले, आणि दर वसंतात खुडलेले कोंब पाकिटात घालून दाखवायला आणू लागले.

नर्सरीच्या मागच्या भिंतीलगत अकरा मोठी झाडं आहेत. होती. ही मातृझाडं. कलमाच्या काड्या यांच्याच. म्हणजे गावात ज्याच्या खिडकीत आमचं कमक्वाट आहे, ते या अकरांपैकी कुणाचं तरी लेकरू. जाऊबाईंनी ती बोटाएवढी असल्यापासून वाढवली. कुठलं कलम कुठल्या झाडाचं हे कळावं म्हणून प्रत्येक झाडाला एक रंग दिला होता, आणि त्याच्या प्रत्येक पिल्लाच्या बुंध्याला त्या रंगाचा दोरा. सात नंबरचा जांभळा. सात नंबर त्यांचं लाडकं होतं. लाडकं नाही असं त्या म्हणायच्या, पण बाकीच्यांना हात लावताना हातमोजे आणि त्याला लावताना नाही, एवढं मला दिसत होतं.

म्हातारे मालक गुडघ्यांमुळे घरी बसले आणि कारभार त्यांच्या जावयाकडे आला. आम्ही त्याला पाठीमागे जावईबापू म्हणायचो. जाऊबाई तोंडावरही म्हणायच्या. माणूस वाईट नव्हता. त्याला फक्त सगळ्याची घाई होती आणि झाडांना ती नव्हती. आल्या आल्या त्याने काचघराच्या छपराखालची पावसाच्या पाण्याची टाकी काढली. तिथे गाड्या लावायला जागा केली आणि जमिनीतून उपसलेल्या पाण्याचा नळ झाडांना जोडला.

"ते पाणी जड आहे," जाऊबाई म्हणाल्या. "किटलीच्या बुडाला पांढरी खपली धरते बघा. झाडाच्या मुळाशीही तेच होणार."

"बाई, पाणी ते पाणी."

चार महिन्यांत अकराच्या अकरा झाडांची कोवळी पानं पिवळी पडली. शिरा हिरव्या, मधलं सगळं पिवळं. जावईबापूंची पाचावर धारण बसली. त्यांनी फोनवर कुठे काय काय वाचलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांना भिंतीशी बोलावलं. लिंबू-संत्र्याच्या झाडांचा पिवळा रोग म्हणून एक आहे. एक बारीकसा किडा तो पसरवतो. त्यावर औषध नाही, झाड मुळासकट काढून जाळावं लागतं. तो रोग आला आहे, सरकारी कृषी खात्याला कळायच्या आत रांग कापून टाकायची आणि बाहेरून तयार रोपं मागवायची, असं त्यांनी जाहीर केलं.

जाऊबाईंनी पाठ फिरवली. त्या अवजारांच्या खोलीत गेल्या. दोन्ही करवती, चारी कात्र्या, कुऱ्हाड, एवढंच काय, माझी देठं कापायची छोटी कात्री, सगळं एका पोत्यात घातलं आणि पोतं खांद्यावर टाकून फाटकाबाहेर पडल्या. भर दिवसा. मी मागून धावले.

"ताई, ही चोरी आहे!"

"कापायला हात वापरू देत. दात वापरू देत. अवजारं माझ्या पलंगाखाली राहतील."

संध्याकाळी त्यांनी जेवणाच्या टेबलावर कागद पसरला आणि अकरा झाडांची पानं ओळीने मांडली. माझे दीर ताट हातात धरून उभे राहिले, कारण टेबलावर जागाच नव्हती.

"इकडे बस," त्या मला म्हणाल्या. "पान मधल्या शिरेवर दुमड. आता उजेडाकडे धर. डावीकडचं पिवळं उजवीकडच्या पिवळ्यावर बसतंय का?"

बसत होतं. अगदी बरोबर.

"मग ही भूक आहे. जड पाण्यामुळे झाडाला मातीतलं लोह उचलता येत नाही. भूक लागली की पान दोन्हीकडून सारखं पिवळं पडतं. रोग आंधळा असतो. तो कुठेही डाग टाकतो, एका बाजूला एक, दुसऱ्या बाजूला भलतंच. दुमडलं की जुळत नाही. कळलं?"

"कळलं. पण हे जावईबापूंना कोण सांगणार?"

"त्याला कशाला सांगायचं? ज्याला कळतं त्याला सांगायचं."

आणि दुसऱ्या दिवशी नर्सरीच्या कचेरीत शिरून, जावईबापूंच्याच टेबलावरच्या फोनवरून, त्यांनी खात्याला फोन लावला. ज्या खात्याला कळू नये म्हणून रांग कापायची होती, त्यालाच. "आमच्याकडे पिवळ्या रोगाचा संशय आहे. माझा नाही, मालकांचा आहे. माणूस पाठवा." जावईबापू दारात उभे राहून ऐकत होते. त्यांचा चेहरा पानांपेक्षा पिवळा झाला. आता झाडं कापली असती तर पुरावा लपवला असं झालं असतं. रांग वाचली, निदान तपासनीस येईपर्यंत.

तपासनीस नऊ दिवसांनी येणार होता. ते नऊ दिवस जाऊबाईंनी मला माणसात ठेवलं नाही. शेजारच्या शाळेच्या छपराखाली पावसाच्या पाण्याचं पिंप होतं. तिथून आम्ही बादल्या वाहिल्या. बादलीभर पाण्याला एक झाकण व्हिनेगर, वर लोहाची पूड, तीही मोजून. मुंग्यांची रांग खोडावर चढताना दिसली की त्या ओरडायच्या, "वर कुणीतरी बसलंय!" आणि खरंच फांदीच्या बेचक्यात तपकिरी खवले किडे असायचे. मुंग्या त्यांचा गोड चिकटा खायला जातात. ते मी साबणाच्या पाण्याने, जुन्या दातांच्या ब्रशने घासून काढायचे. सातव्या दिवशी शेंड्याला हिरवी झाक आली. घरी येताना जाऊबाईंनी माझी पिशवी स्वतः उचलली. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

नवव्या दिवशी सकाळी मी पानं पुसत होते. भिंतीकडची बाजू माझी, कारण तिथे रांगत शिरावं लागतं आणि जाऊबाईंची कंबर वाकत नाही. सात नंबरच्या मागे, खालच्या फांदीवर, मला पाच पानं दिसली. जुनी, जाड, म्हणजे भुकेने पिवळी पडतात ती कोवळी नव्हेत. एक दुमडलं. जुळलं नाही. दुसरं दुमडलं. एकीकडे ढगासारखा डाग, दुसरीकडे हिरवंगार. शेजारी एक फळ होतं, वाकडं, देठाकडे पिकलेलं आणि टोकाला हिरवं.

मला रोगाचं कळत नव्हतं. जाऊबाईंचं कळत होतं. एका झाडावर सापडलं तर अकराही जातील असं मी धरून चालले. त्यांनी घरात, नर्सरीत, खात्यासमोर ठणकावून सांगितलं होतं की ही भूक आहे. त्या खोट्या पडणार. जावईबापू हसणार. मी पाचही पानं आणि ते फळ ओरबाडलं आणि एप्रनच्या खिशात कोंबलं. हे मी केलं. कुणी सांगितलं नव्हतं, आणि मला ते चुकीचंही वाटलं नाही.

तपासनीस आला. बारीक चणीचा, गळ्यात भिंग, पायात चिखलाचे बूट. एकेक झाड बघितलं, पानं दुमडली, उजेडाकडे धरली. माझ्या मनात आलं, हा तर जाऊबाईंचाच भाऊ शोभतो. अकरावं झाल्यावर तो म्हणाला, "बाईंचं बरोबर आहे. लोह कमी पडलंय, रोग दिसत नाही. तुमचं पाणी बदला, साहेब." जावईबापूंनी घाम पुसला. आणि काय सांगू, ते जाऊबाईंकडे बघून हसलेसुद्धा! कागद मांडीवर ठेवून तपासनीस सही करू लागला.

जाऊबाईंनी विजयाने इकडे तिकडे पाहायला हवं होतं. त्या पाहत होत्या सात नंबरकडे. कंबर धरून वाकल्या. आजवर वाकल्या नव्हत्या. मागची फांदी त्यांनी पुढे ओढली आणि तिच्यावर अंगठा फिरवला.

पान आपणहून गळलं तर जागा कोरडी असते. ओरबाडलं तर ओली.

"इकडे ये," त्या म्हणाल्या. मी गेले. "खिसा उलटा कर."

"ताई—"

"उलटा कर."

सगळ्यांसमोर. जावईबापू, तपासनीस, कुंड्या वाहणारे दोघे, एक गिऱ्हाईक. मी खिसा उलटा केला. पाच पानं आणि ते वाकडं फळ खाली पडलं. जाऊबाईंनी एक पान उचललं आणि तपासनिसाच्या अर्धवट सहीवर ठेवलं.

"बाई!" जावईबापू जवळजवळ किंचाळले. "सही होत होती! कशाला आता? एका झाडाचं काय घेऊन बसलात?" ज्या माणसाला दहा दिवसांपूर्वी अकरा झाडं कापायची होती, तो हे म्हणत होता.

"याच्या काड्यांची यंदा मी कलमं बांधलीत," जाऊबाई म्हणाल्या. "माझ्या हाताने. ती लोकांच्या घरी जाणार. मी निरोगी म्हटलं म्हणून लोक माझ्याकडून झाड नेतात. हे आजारी असेल तर ते माझ्या तोंडून ऐकतील, गळून पडलेल्या फळांकडून नाही." आणि तपासनिसाला म्हणाल्या, "तुम्ही नीट बघितलं नाहीत. मागून बघायचं असतं."

त्याने मान खाली घातली आणि पानं पिशवीत बंद केली. सात नंबरला पट्टी बांधली. प्रयोगशाळेचा निकाल येईपर्यंत विक्री बंद.

निकालाला तीन आठवडे लागले. तीन आठवडे जाऊबाई माझ्याशी बोलल्या नाहीत. म्हणजे मीठ दे, दार लाव, एवढंच. मीही कमी नाही. मी म्हटलं, जिच्यासाठी केलं तिनेच चारचौघांत माझी लाज काढली, तर मी का म्हणून आधी बोलू? एका ओट्यावर दोघी पाठीला पाठ लावून भाज्या चिरत होतो. नवरे आपापल्या खोलीत पळाले होते.

निकाल आला. सात नंबर रोगी. बाकीची दहा स्वच्छ. ती जाळीखाली ठेवून पुन्हा तपासायची, कापायची नाहीत.

त्या दिवशी जाऊबाईंनी पलंगाखालचं पोतं ओढलं. करवत काढली, दाते बोटाने तपासले आणि पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघितलं. "चल. खोड धरायला कुणीतरी लागेल."

मी खोड धरलं. त्यांनी कापलं. मधे दोनदा थांबल्या, कंबर धरली, पण करवत कुणाला दिली नाही. जावईबापूंनी माणूस लावतो म्हटलं तर त्यांनी ऐकल्यासारखंही केलं नाही. मला रडू कोसळलं. त्या म्हणाल्या, "झाडासाठी रडतेस?"

"नाही," मी म्हटलं. "तुमच्यासाठी केलं होतं मी ते."

"ठाऊक आहे. म्हणून तर तीन आठवडे तुला उपाशी नाही ठेवलं." आणि मग, कापता कापताच, "माझ्यासाठी पुन्हा काही करायचं झालं तर खरं बोल. तेवढं पुरे."

जांभळ्या दोऱ्याची अडतीस रोपं निघाली. सगळी जाळली. यंदाची आणखी चार विकली गेली होती. आम्ही दोघी त्या चार घरी गेलो. तिघांनी ऐकलं. चौथ्या घरी बाई म्हणाली, माझं झाड छान आहे, मी देणार नाही, आणि दार लावलं. जाऊबाई पायरीवर बसल्या. दीड तास बसल्या. मी म्हटलं ताई चला, तर म्हणाल्या, "तू जा. तिला दुपारी कधीतरी बाहेर यावंच लागेल." ती आली. झाड घेऊनच आली.

आता रांगेत सहा आणि आठ यांच्यामध्ये खड्डा होता. जावईबापूंना टाकी परत बसवावी लागली, तो खर्च झालाच होता. वर विक्रीचा हंगाम बुडाला होता. निदान दर्शनी भाग चांगला दिसावा म्हणून त्यांनी खड्ड्यावर एक मोठी शोभेची कुंडी ठेवली. जाऊबाईंनी ती ढकलत ढकलत भिंतीपाशी नेली. जावईबापूंनी परत ठेवली. जाऊबाईंनी परत ढकलली. तिसऱ्या दिवशी जाऊबाईंनी मला पाटी आणि रंग आणायला सांगितला.

"लिही. इथलं झाड रोगी निघालं. आम्ही कापलं."

"गिऱ्हाईक पळेल, बाई!" जावईबापू म्हणाले.

"पळू दे. थांबेल त्याला मी झाड देईन."

मी लिहिलं. विक्री सुरू झाली त्या पहिल्या दिवशी दोघांनी पाटी वाचली आणि काही न घेता वळले. जावईबापूंनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू रोग मीच आणला. जाऊबाई त्या दोघांबरोबर फाटकापर्यंत चालत गेल्या, कंबर धरून, आणि त्यांना म्हणाल्या, "घरी लिंबू-संत्र्याचं एखादं झाड असेल तर आज घरी जाऊन बघा. मागच्या बाजूने बघा. आणि कळलं नाही तर पानं इकडे घेऊन या, झाड आमच्याकडून घेतलेलं नसलं तरी चालेल."